वगळलेली घरं

सपना हिवाळेचं काम काय, असं कुणी विचारलं की तिच्या आई, मालनबाई, एका वाक्यात सांगून मोकळ्या व्हायच्या, "कशात किती इख चालतं ते ती ठरवते." विषाचं नाव निघालं की ऐकणारा दचकायचा. सपना तिथे असली तर घाईघाईने दुरुस्ती करायची, की मी नाही ठरवत, ठरवणारी समिती वेगळी असते, मी आपली आकडे काढून देते. पण आईचं म्हणणं फारसं खोटंही नव्हतं.

अंधेरी पूर्वेला मरोळच्या आतल्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीत सपनाचं ऑफिस होतं. पाण्यात, मातीत, हवेत एखादा घातक पदार्थ किती असला तर माणसाला सोसवेल, याचा हिशोब तिथे व्हायचा. हा हिशोब सरकारी समितीकडे जायचा आणि तिथून मर्यादा म्हणून बाहेर पडायचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर सपना इथेच लागली आणि इथेच राहिली. या कामात अडचण अशी की पक्कं माहीत असतं फार थोडं. विषाची तपासणी होते उंदरावर आणि खाणार असतो माणूस. म्हणून उंदराला सोसलेला आकडा दहाने भागायचा. माणसांतही कुणी धडधाकट, कुणी दुखणाईत, कुणी तान्हं, म्हणून पुन्हा दहाने भागायचा. हे झालं जुन्या पद्धतीचं. नव्या पद्धतीत प्रत्येक माहीत नसलेल्या गोष्टीला एक पसारा द्यायचा, म्हणजे इतकं कमी असू शकेल ते इतकं जास्त असू शकेल असा. मग कॉम्प्युटरवर हजारो खोटी माणसं उभी करायची, कुणी जास्त खाणारी, कुणी कमी, कुणी अशक्त, आणि बघायचं की त्यातल्या सगळ्यात वाईट अवस्थेतल्या पाच टक्के माणसांचं काय होतं. त्यांना सोसेल ती मर्यादा. सरासरी माणसाकडे बघून मर्यादा ठरवायची नाही, कारण मरतो तो कडेचा माणूस, हे सपना नव्या मुलांना शिकवताना नेहमी सांगायची. सांगायची छान. तिच्या तोंडून ऐकलं की पोरांना ते पटायचं.

ती स्वतः त्याच कडेवरून आलेली होती, हे मात्र ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. भांडुपची, एवढं सगळ्यांना माहीत होतं. भांडुपला हल्ली टॉवर झालेत, मॉल आहेत, तेव्हा ऐकणाऱ्याने त्यातलंच काहीतरी डोळ्यांपुढे आणलं तर सपना ते मोडायला जात नसे. खरं घर होतं रुळांच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला असलेल्या वस्तीत. बाप एका रंगाच्या कारखान्यात पिंपं चढवायचा. मालनबाई जालन्याकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी खाडी पहिल्यांदा पाहिली. शेजारची शकु देवगडकडची. तिनेच मालनला ओहोटीला चिखलात कसं उतरायचं, बिळात हात घालून निवटे कसे धरायचे, चिंबोरीची नांगी कशी मोडायची ते शिकवलं. चिंबोरी म्हणजे खेकडा आणि निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. दिसायला ओंगळ, पण रस्सा झाला की दोन भाकरी जास्त जातात. महिनाअखेरीला तर घरात रोज तेच असायचं.

सपना बारावीपर्यंत ते आवडीने खात होती. पुढे मुलुंडच्या कॉलेजात एकदा तिने डबा उघडला आणि शेजारची मुलगी हातरुमाल नाकाला लावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. भांडली नाही, काही नाही. जाता जाता साधेपणाने एवढंच विचारलं, "तुम्ही लोक हे पण खाता?" त्यातल्या 'तुम्ही लोक'चा अर्थ सपनाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने पोळी-भाजीचा डबा मागितला. पुढे नोकरी लागली, सुबोधशी लग्न झालं, बोरीवलीला सोसायटीत घर झालं. त्या घरात खाडीचं काही आलं नाही. आईकडे गेल्यावर आई वाढायची, तेव्हा ती "पोट बरं नाही" म्हणायची. मालनबाई तिला अंडं करून द्यायच्या.

तर दोन वर्षांपूर्वी ऑफिसात कॅडमियमचं काम आलं. धातूला मुलामा देणारे छोटे कारखाने आपलं पाणी नाल्यात सोडतात आणि नाला खाडीला मिळतो. त्या पाण्यात कॅडमियम किती असलेलं चालेल, अशी विचारणा होती. हे कॅडमियम चिखलात बसतं, चिखलातून चिंबोरीत आणि माशात जातं, आणि माणसाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचत राहतं आणि पुढे हाडंही ठिसूळ करतं. म्हणून आधी हे कळायला हवं होतं, की खाडीकाठची माणसं खाडीतलं खातात तरी किती. प्रांजल नावाची नवी मुलगी दोन-चार विद्यार्थ्यांना घेऊन वस्त्यांतून फिरली आणि अडीचशेच्या वर घरांची माहिती घेऊन आली.

बहुतेक घरं महिन्यातून एखाद्या वेळेस खाणारी किंवा अजिबात न खाणारी निघाली. अकरा घरं मात्र अशी होती, की त्यांनी आठवड्यातून चार-पाच दिवस खातो म्हणून सांगितलं होतं, आणि तेही पोटभर. सपनाने आलेख काढला तेव्हा डावीकडे एक मोठा उंचवटा आला आणि उजवीकडे लांबलचक बारीक शेपटी. त्या शेपटीत ही अकरा घरं. ती धरून हिशोब केला की मर्यादा कडक येत होती, इतकी की त्यातल्या बऱ्याच कारखान्यांना नवी यंत्रं बसवावी लागली असती. ती सोडून केला की मर्यादा जवळजवळ दुपटीने सैल.

बैठक झाली तेव्हा टेबलाशी चौघं होती. ऑफिसच्या प्रमुख माधुरी सोहोनी, ज्यांनी सपनाला नोकरीवर घेतलं, शिकवलं आणि पुढे आणलं. ओजस, जो पाण्याच्या रसायनाचं बघायचा. प्रांजल. आणि सपना. माधुरी मॅडमना लबाडी करायची नव्हती. आकडा सैल निघाला काय नि कडक निघाला काय, त्यांना त्यात काही मिळणार नव्हतं. त्यांना एवढंच खटकत होतं, की हे अकरा आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत. समितीत कुणी विचारलं तर उत्तर हवं.

ओजस म्हणाला, त्या गटारातलं रोज कोण खाईल, उगाच लिहिण्यात गडबड झाली असणार. प्रांजलने मान हलवून सांगायचा प्रयत्न केला, की तिने स्वतः विचारलंय, घरातली भांडी बघितलीत. पण ती नवीन होती, तिचं बोलणं मध्येच राहिलं. मग माधुरी मॅडम सपनाकडे वळल्या.

"सपना, तू भांडुपची ना? तू सांग. खातात का गं असं, रोज?"

आता यात काही अवघड नव्हतं. हो म्हणायचं होतं. खातात, आम्ही खायचो, माझी आई अजून खाते. तीन वाक्यं. पण सपनाच्या डोळ्यांपुढे तो हातरुमाल आला, आणि ओजसच्या तोंडचा 'गटार' शब्द कानात होता. अंगावरून कुणी पदर ओढावा तसं तिला झालं. ती हसली. अगदी सहज हसली.

"नाही हो मॅडम. हल्ली कोण खातंय त्या खाडीतलं. आठवड्याचं आहे ते रोजचं म्हणून लिहिलं गेलं असेल."

नुसतं नाही म्हणून ती थांबली नाही. चूक कशी झाली असेल त्याचं कारणही तिनेच पुरवलं. माधुरी मॅडमच्या कपाळावरची आठी गेली. तिथल्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. प्रांजलचे कान लाल झालेले सपनाला दिसले. तिच्या कामाला आपण खोटं ठरवलं, एवढं सपनाला त्याच क्षणी कळलं होतं. 'अविश्वसनीय वाटणाऱ्या अकरा नोंदी वगळल्या आहेत' हे वाक्य अहवालात सपनाने स्वतः टाइप केलं. शेपटी गेली. आलेख कसा गुळगुळीत, शहाण्यासारखा बसला. ती खाली जाऊन चहा पिऊन आली.

लाज एकदम आली नाही. आधी आला तो चुकारपणा. प्रांजल समोरून आली की सपना फोन काढायची. नव्या मुलांना शिकवताना कडेच्या माणसाचं वाक्य तोंडाशी आलं की जीभ अडखळायची, आणि एकदा तिने ते वाक्य गाळूनच टाकलं. अहवाल समितीकडे गेला, तेव्हा सुटलो असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर जास्तच कसंसं झालं.

पुढच्या एका रविवारी ती आईकडे गेली. सुबोधने आरेच्या रस्त्याने स्कूटरवर आणून सोडलं आणि तो आपल्या कामाला गेला. मालनबाई स्टोव्हपाशी बसल्या होत्या. घरभर निवट्यांच्या रश्शाचा वास होता. लेक आलेली बघून त्यांनी सवयीने अंड्याचं भांडं हाताशी घेतलं आणि इकडचं तिकडचं सांगत बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, की मध्ये एक पोरगी आली होती, गळ्यात ओळखपत्र घातलेली, काय खाता, किती खाता विचारत. चांगली पोरगी. रस्सा किती, मासे किती ते आपल्या पातेल्यात मोजून बघितलं, आपल्या ताटात किती आणि पाहुण्याच्या ताटात किती ते विचारलं.

"मी समदं खरं सांगितलं बघ," मालनबाई म्हणाल्या. "शेजारच्या बाया म्हनल्या, कशाला सांगते, नाव ठेवतील. मी म्हनलं, माझी लेक ह्येच काम करती. आपण खोटं सांगितलं तर तिचा हिशोब चुकंल."

त्या अकरातलं एक घर हे होतं. ज्या घरात ती वाढली, ते घर तिने स्वतःच्या हाताने खोडलं होतं, आणि त्या घराने मात्र तिचा हिशोब चुकू नये म्हणून शेजारणींचं ऐकलं नव्हतं.

तिला आईकडे बघवेना. मालनबाईंचे गुडघे गेली काही वर्षं धरले होते. उठताना त्या भिंतीचा आधार घ्यायच्या. हे वयामुळे, की आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केल्यामुळे, की त्या चिखलातल्या धातूमुळे? सपनाला माहीत होतं की हे कुणालाच सांगता येणार नाही. अडीचशे घरांचं काहीतरी सांगता येतं, एका बाईच्या गुडघ्याचं नाही. म्हणून तर सावध राहून आकडा भागायचा असतो. म्हणून तर तिची नोकरी होती.

"आई, अंडं नको करूस," ती म्हणाली. "मला तेच वाढ."

मालनबाईंनी वाढलं. लेक जेवत होती आणि रडत होती. मालनबाईंनी तिला रडू दिलं. मग सपनाने सगळं सांगितलं, मॅडमनी काय विचारलं, आपण काय बोललो, हसून बोललो तेसुद्धा. सांगताना ती ताटातच बघत होती. तिला वाटलं होतं आई म्हणेल, जाऊ दे, होतं असं. मालनबाई तसं म्हणाल्या नाहीत. बराच वेळ त्या चूल पुसल्यासारखा स्टोव्ह पुसत राहिल्या.

"डब्याचं मला तव्हाच कळलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझं पोट काय रोज बिघडतंय का? मी म्हनलं, शिकती हाये, चार लोकांत बसती, आसू दे. तव्हा तू फक्त माझ्या हातचं नको म्हनलीस. आता तर मी हायेच नाही म्हनलीस."

मालनबाई उठून बाहेर जाऊन बसल्या. सपना निघाली तेव्हा त्यांनी 'जयभीम' केलं, पण नेहमीसारखा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी सपना ऑफिसात गेली ती थेट माधुरी मॅडमच्या खोलीत. दार लावून उभ्या उभ्याच तिने सांगितलं, की मी खोटं बोलले. त्या नोंदी खऱ्या आहेत. एक घर माझ्या आईचं आहे. मॅडमनी तिला बसायला सांगितलं नाही, बहुधा सुचलं नसेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. का बोललीस, असं त्यांनी एकदाच विचारलं. सपनाने सांगायचा प्रयत्न केला, पण डबा, हातरुमाल, तुम्ही लोक, हे त्या थंडगार खोलीत इतकं किरकोळ वाटलं की तिने अर्ध्यावरच सोडलं. माधुरी मॅडमना ते कळलं असावं, कारण त्यांचाही चेहरा उतरला. आपल्या टेबलाशी 'त्या गटारातलं कोण खाईल' असं म्हटलं गेलं, तेव्हा आपल्या शेजारी खाणारी बसली होती, हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं.

पण कामाच्या बाबतीत त्या सरळ होत्या.

"तेव्हा तुझ्या एका शब्दावर नोंदी काढल्या, ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या एका शब्दावर परत घालता येणार नाहीत. पुन्हा जा. प्रत्येक घरी जा. आणि तू जा."

प्रांजलची माफी मागणं सपनाला आईपुढे बोलण्याइतकंच जड गेलं. प्रांजलने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅम, मला वाटलं मलाच विचारता आलं नाही." दोन महिने ती पोर स्वतःला दोष देत बसली होती.

दोघी वस्तीत गेल्या. सपना इतक्या वर्षांनी गळ्यात ओळखपत्र घालून त्या गल्लीत शिरली. लोकांनी तिला ओळखलं. मालनची पोरगी, बोरीवलीची. पहिल्या खेपेला मोकळेपणाने बोललेल्या बाया आता तोलून मापून बोलू लागल्या. दुसऱ्यांदा का विचारायला आले, याचा अर्थ वस्तीने आपल्या परीने लावला होता. कुणी म्हणे खाडी बंद करणार, कुणी म्हणे वस्ती उठवणार. आणि आणखीही एक होतं. सपनाने प्रश्न कितीही साधा विचारला, तरी समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिच्या ओळखीचं होतं. तुम्ही हे पण खाता? आज तो प्रश्न घेऊन ती आली होती.

शकुमावशी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलेली. अजूनही ओहोटी साधून सुनेला चिखलात पाठवायची आणि स्वतः माशांची पाटी घेऊन नाक्यावर बसायची. तिने सपनाला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि साफ नाही म्हणून सांगितलं.

"आमी खाडीचा खात नाय. आमी भाऊच्या धक्क्यार्सून आणतंव."

सपना म्हणाली, मावशी, माझ्या आईला चिखलात तूच उतरवलंस ना. शकुमावशीने प्रांजलला बाहेर थांबायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली,

"तू शिकलेली असशीत. पण उद्या तू कागदार लिवलंस की खाडीचा मासा इख हा, तर माझी पाटी कोण घेतलो? तू घेतलंस इतकी वर्सा?"

सपना खाली मान घालून बाहेर आली. शकुमावशीचं घर 'नाही'त गेलं. आणखी तिघांनी तिचं बघून नाही म्हटलं. बाकीची सात घरं आपल्या शब्दावर राहिली, आणि ती राहिली त्याचं मोठं कारण मालनबाई. त्यांनी लेकीशी बोलणं अजून तोडकंच ठेवलं होतं, पण त्या प्रांजलबरोबर घरोघर गेल्या. दारात उभं राहून त्या एवढंच सांगायच्या, की मी सांगितलंय, तुम्हीबी जे आसंल ते सांगा. आपल्या घरी आल्यावर त्यांनी पातेलं काढून प्रांजलपुढे ठेवलं आणि पहिल्या वेळचंच सगळं पुन्हा सांगितलं. सपना उंबऱ्याशी उभी होती.

समितीपुढे जायचं ठरलं तेव्हा माधुरी मॅडम म्हणाल्या, मी सांगते, नोंदी पुन्हा तपासल्या म्हणून. तेवढं पुरलं असतं. सपनाने नको म्हटलं. यात तिचा शूरपणा नव्हता. दुसऱ्याने झाकून घेतलं तर हे आपल्याला जन्मभर सलत राहील, अशी तिला भीती वाटली.

समितीच्या लांब टेबलाशी दहा-बारा माणसं होती, काही सरकारी, काही कारखान्यांच्या बाजूची, दोन डॉक्टर. सपनाने सांगितलं, की अकरा नोंदी वगळल्या गेल्या त्या माझ्या सांगण्यावरून. मी त्या वस्तीत वाढले. लोक तसं खातात हे मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला, पण वाक्यं पुरी झाली. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी रागावून नाही, सरकारी कोरडेपणाने विचारलं,

"या अहवालात आणखी असं काही आहे का, जे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हाला सांगितलेलं नाही?"

"नाही," सपना म्हणाली. अध्यक्षांनी ते टिपून घेतलं. आपल्या 'नाही'ला आता किंमत उरलेली नाही, हे त्यांच्या लिहिण्यावरूनच तिला कळलं.

कारखान्यांच्या बाजूचा माणूस म्हणाला, मग या सात घरांवर तरी कशावरून विश्वास ठेवायचा? तेव्हा प्रांजलने पातेल्याच्या मापांचे फोटो पुढे केले. सात घरं परत आत आली. राहिली चार, आणि ज्यांनी भीतीने सांगितलंच नाही अशी आणखी किती, देव जाणे. त्यांच्यासाठी सपनाने आकडा आणखी तीनाने भागावा असं सुचवलं. ज्यांचं खाणं आपल्याला कधी कळणार नाही, त्यांच्यासाठी राखलेली जागा, असं तिने त्याचं वर्णन केलं. बरीच घासाघीस होऊन समिती दोनावर आली. मर्यादा पहिल्या कडक आकड्याच्या आसपास जाऊन बसली. मसुदा हरकतींसाठी खुला झाला, हरकतीही भरपूर आल्या, आणि अजून ते प्रकरण पुढे-मागे होतं आहे.

वस्तीत मात्र परिणाम आधी झाला. बातमी फुटली आणि नाक्यावर शकुमावशीची पाटी अर्धी उरायला लागली. शकु आणि मालन, चाळीस वर्षांपासूनच्या शेजारणी, एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. सपनाने आईला समजावून सांगितलं, की आठवड्यातून एकदा खाल्लं तर हरकत नाही, जास्त नको. मालनबाई ते पाळतात. त्या एका दिवसाचे निवटेही त्या शकुकडूनच घेतात. शकु मोजून देते, मालन पैसे ठेवते, शब्द होत नाही. सपनाने एकदा शकुमावशीच्या दारात जाऊन बोलून पाहिलं. मावशीने पाट दिला नाही.

मालनबाई हळूहळू लेकीशी नीट बोलू लागल्या. माफ केलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि सपनानेही विचारलं नाही. लेकीचं काम काय असं विचारणाऱ्यांना आता त्या म्हणतात, "हाये ती हापिसात."

ऑफिसात त्यानंतर माधुरी मॅडमनी एक नियम केला. कुठलीही नोंद विचित्र वाटली, तर त्या घरी कुणीतरी जाऊन आल्याशिवाय ती काढायची नाही. ओजसने तेव्हाच सपनाजवळ येऊन चार शब्द पुटपुटले होते, गटार म्हणालो ते मनाला लागलं असेल म्हणून. भला मुलगा आहे. तिचा आपल्यावर राग आहे असं त्याला उगाच वाटत होतं, म्हणून बहुधा त्यानेच त्या नियमाला कौतुकाने 'हिवाळे नियम' म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं.

आता नवी मुलं लागतात ती तिला भेटायला येतात. त्यांना वाटतं, मॅडमनी डोकं चालवून ही पद्धत शोधून काढली. अशा वेळी सपना त्यांना खुर्ची देते आणि सांगते, की बाबांनो, मी खोटं बोलले होते, त्यावरून हे नाव पडलं. मुलं ओशाळतात. काहींना विनय वाटतो. सांगताना दर वेळी तिच्या कानशिलांत ऊन ऊन होतं, पहिल्या दिवसासारखंच.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती, पुण्याहून नवी लागलेली. तिने फार मनापासून अभिनंदन केलं. सपनाला खाली गाडी थांबलेली होती, उशीर होत होता. ती थँक यू म्हणाली आणि नेहमीचं ते न सांगताच निघाली. लिफ्टमध्ये तिच्या लक्षात आलं, की गाडी आणखी दोन मिनिटं थांबली असती.